अंजनावहिनीला गोरी कोणी केली

परवा अमरावतीला गेलो आणि भांडून आलो. या वयात भांडू नये असं घरचे सांगतात. सांगोत बापडे.

निमित्त डोळ्यांच्या डॉक्टरचं होतं. तिथून निघालो आणि पाय सवयीनं जुन्या गावाभोवतीच्या परकोटाच्या भिंतीकडे वळले. माझा फोटोचा स्टुडिओ होता ती माडी केव्हाच पडली, तिथे आता तयार कपड्यांचं दुकान आहे. खालचा शिंपी नाही, समोरचं हॉटेल नाही. तेलाचं दुकान मात्र आहे. पाटी नवी, काउंटरला काच, वर पंखा. पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की वास तोच. तिळाचं तेल, वाळा, नागरमोथा, आणि त्या सगळ्याखाली ओल्या पोत्याचा. गल्ल्यावर जुन्या शेठचा नातू बसला होता. त्याच्या डोक्यामागे सोनेरी चौकटीत बाटलीवरचं लेबल मोठं करून लावलेलं. 'बागराणी केशतेल'. गुलाबी गालांची, धारदार नाकाची एक बाई फुलांच्या ढिगामागे बसलेली. चौकटीला ताजा हार.

"ही कोण?" मी विचारलं. माहीत असून विचारलं.

"हे आमच्या आजोबाची लक्ष्मी," तो म्हणाला. "याच तेलावर घर उभं राहिलं आमचं."

"पण बाई कोण?"

"कोन जाने, बाबाजी. तवाची नाचनारी-बिचनारी असन एखादी. मुंबईवरून चित्र बनवून आनलं होतं म्हन्तात."

माझ्या हातची काठी काउंटरवर आपटली. काच फुटली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. "नाचणारी नाही!" मी ओरडलो. "अंजना माळीण होती ती. या समोरच्या भिंतीखाली बसून फुलं विकायची. काळी होती. तुझ्या आजोबानं तिला गोरी केली."

नोकरानं लगबगीनं खुर्ची दिली, पाण्याचा गिलास पुढे केला. नातू त्याला हळूच म्हणाला, "उन्हानं होते असं म्हाताऱ्या मानसाले." पाणी तसंच ठेवून मी बाहेर पडलो.

लोक मला म्हणतात, तुम्ही जुन्या अमरावतीचे, अकोल्याचे फोटो काढले, तेव्हाच्या हॉटेलांबद्दल लिहा, दुकानांबद्दल लिहा, त्या नटव्या माणसांबद्दल लिहा, काय ते दिवस होते! होतेच. लिहितो. पण मग सगळंच लिहितो.

आमचं गाव हिवरखेड. घरी भाजीपाला आणि थोडा पानमळा. मातीत माझं मन रमलं नाही. अकोल्याला एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडे काम शिकलो आणि अमरावतीत परकोटाच्या आत एक माडी घेऊन बसलो. तेव्हा आमचा कारभार नागपुराहून चालायचा. सरकारी कागदावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं छापलेलं असायचं, आणि आम्ही वऱ्हाडातली माणसं आम्हाला मागून जोडणाऱ्या त्या मधल्या 'व' वर रुसून असायचो. माडीच्या छपराला उत्तरेकडून मी काचा बसवल्या होत्या. सकाळी त्यातून दुधासारखा उजेड उतरायचा. मागची अंधारी खोली फोटो धुण्याच्या हायपोच्या आंबूस वासानं भरलेली असायची, आणि तो वास माझ्या बोटांना, सदऱ्याला, जेवणाच्या घासालासुद्धा लागलेला असायचा.

त्या दिवसांत अमरावतीत नटण्याची मोठी हौस होती. एक टांगेवाला घोड्याच्या तुऱ्याचा आणि आपल्या गळ्यातल्या रुमालाचा रंग रोज जुळवायचा. कॉलेजातली पोरं धोतरावर कोट घालून, कोटाच्या वरच्या खिशात फाउंटन पेन असं खोचायची की त्याची क्लिप उन्हात चमकावी. एक नर्सबाई होती, पांढऱ्या पातळावर काळी छत्री घेऊन चालायची, आणि चालताना छत्रीची दांडी खांद्यावर अशी फिरवायची की रस्त्यावरचे लोक बोलायचे थांबायचे. रविवारी सकाळी मी तिपाई खांद्यावर टाकून या माणसांना शोधत हिंडायचो. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे माणूस लाकडासारखा उभा राहतो, रस्त्यावर तो आपला असतो, असं माझं म्हणणं.

हिंडून झालं की समोरच्या हॉटेलात बसायचं. चुलीवर कढई, कढईत गिला वडा, तळून ताकात भिजवायचा. वडा फुटला की तेल चरचरायचं आणि मालक न पाहताच पोऱ्याला सांगायचा, "त्याले ताक जास्त टाक." तिथे टेबलावर संगमरवर होता, मधोमध तडा गेलेला, आणि त्या तड्यात वर्षानुवर्षांची साखर साचून काळी झाली होती. कापसाच्या दिवसांत सरकी काढायच्या जिनांमधून उडालेला कापसाचा भुरा सगळ्या गावावर तरंगायचा. चहाच्या कपावर तो बारीक सायीसारखा बसायचा. आम्ही फुंकर मारायचो आणि प्यायचो. त्या भुऱ्याचा वास मी आजही ओळखेन. कोरडा, कोमट, जरासा तेलकट.

आणि हॉटेलच्या दारातून सरळ समोर, परकोटाच्या भिंतीखाली, अंजनावहिनी बसायची.

नात्यानं वहिनी नव्हे. पण आम्ही दोघं एकाच जातीचे, तिचा नवरा किसन माझ्याहून वयानं मोठा, म्हणून वहिनी. गावाबाहेर त्यांची बाग होती. पहाटे किसन टोपल्या आणून टाकायचा आणि परत जायचा, दिवसभर दुकान तिचं. शेवंती, झेंडू, कण्हेर, आणि ओल्या फडक्याखाली झाकलेला मोगरा. शेजारी पाण्याची बादली. दर थोड्या वेळानं ती हात बुडवून फुलांवर पाणी शिंपायची, आणि मातीचा, पाण्याचा, देठांचा मिळून असा एक गार वास उठायचा की भर मे महिन्यात मी वड्याची बशी हातात धरून तसाच थांबायचो.

ती काळी होती. कोळशासारखी नव्हे, आमच्या रानातल्या मातीसारखी, पाणी दिल्यावर दिसते तशी. लुगडं ती इतर बायांसारखंच नेसायची. पण लुगड्यावर तिनं जाकीट घालायला सुरुवात केली आणि बाजार पाहतच राहिला. माझ्या माडीखाली करीमचाचा नावाचे शिंपी होते. वकिलांचे कोट तेच शिवायचे. एक दिवस ती त्यांच्यापुढे काळं कापड टाकून म्हणाली, "चाचा, मले चार खिसे पायजे. कमरेच्या पिशवीत हात घालता घालता गिऱ्हाईक पळून जाते."

करीमचाचांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बेटी, ये तो मर्दों का कपड़ा है."

"कापडाले काय मालूम आंगात कोन हाये?"

चाचांनी शिवलं. काळं, बिनबाह्यांचं, पुढे शिंपल्याची बटणं, चार खिसे. एका खिशात दोऱ्याचं रीळ, दुसऱ्यात कात्री, तिसऱ्यात सुट्टे, चौथ्यात पान. महिनाभर लोक हसले. नंतर भाजीवाल्या दोघी-तिघी तसल्याच जाकिटाचं कापड घेऊन चाचांकडे आल्या. वकील, डॉक्टर, टांगेवाला, नर्सबाई, सगळ्यांना मी पाहिलं होतं. पण वऱ्हाडात तिच्याइतकं ऐटबाज माणूस मी पाहिलं नाही. नटणं म्हणजे दुसऱ्यासारखं दिसणं असं बाकीच्यांना वाटायचं. ती तिच्यासारखी दिसायची.

मी फोटोचं विचारलं तेव्हा तिनं आधी उडवून लावलं. मग दोन महिने विचारलं. शेवटी एका सकाळी म्हणाली, "काढ. पन जाकीट दिसलं पायजे. अन् माह्या तोंडाले पेन्सिल लावाची नाई."

पेन्सिलीचं तिला कुठून कळलं होतं कोण जाणे. आमच्या धंद्यातली ती रोजची गोष्ट. कॅमेऱ्यातल्या काचेवर जिथे चेहरा उमटलेला असतो तिथे बारीक पेन्सिल फिरवली की कागदावर तो चेहरा उजळ येतो. माझ्याकडे येणारं प्रत्येक माणूस जाताना दारात थांबून खाजगीत सांगायचं, "जरा गोरा काढजा." मुलीचा फोटो असला की आई दोनदा सांगायची. आणि मी दुपारभर खिडकीशी बसून वऱ्हाडाला गोरं करायचो.

"नाई लावत," मी तिला म्हणालो. आणि खरंच लावली नाही.

फोटो असा होता. पुढे फुलांची टोपली, एक गुडघा उभा, त्यावर कोपर, हातात अर्धवट गुंफलेली वेणी. जाकिटाची बटणं एकेक मोजता यावीत अशी. कपाळावर घामाचा एक थेंब. आणि नजर सरळ, कॅमेऱ्याच्या भिंगात, जणू विचारतेय, घ्यायचं आहे का काही? मी आयुष्यात हजारो काचा धुतल्या. तसा फोटो मला पुन्हा काढता आला नाही.

"मले एक दे याच्यातला," ती म्हणाली. "घरी लावतो."

"चौकट करून देतो, वयनी. पुढच्या हप्त्यात."

पुढचा आठवडा गेला. त्याच्या पुढचाही गेला. चौकटवाल्याकडे जाणं राहून जायचं.

याच सुमारास तेलाच्या दुकानाचा शेठ माडीवर आला. त्याच्या घरची लग्नं, बारशी माझ्याकडे असायची. वाळायला टांगलेला तो फोटो पाहून तो बराच वेळ उभा राहिला. "काय काम केलं हो तुमी! हे आपल्या दुकानात लावतो. गिऱ्हाईक थांबून पाहीन." कोणी माझ्या कामाला इतका वेळ पाहिलं नव्हतं. मी हुरळलो. कोपऱ्यात झोकदार सही केली, पातळ कागदात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. तिला विचारायला हवं, हे मनात आलंसुद्धा नाही. ती समोरच, चाळीस पावलांवर बसलेली होती.

फोटो दुकानात लागला नाही. मी विचारलं नाही. पावसाळा गेला, शेवंतीचे दिवस आले.

कॅमेऱ्याच्या काचा आणि फोटो धुण्याचा मसाला आणायला मी महिन्यातून एकदा अकोल्याला जायचो. बडनेऱ्याहून गाडी. मूर्तिजापूरला अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीचे उतारू धावत येऊन डब्यात शिरायचे, अंगावर कोळशाची कणी आणि हातात भुईमुगाच्या शेंगा. अकोल्याला उतरलो की आधी स्टेशनाजवळचं माझं आवडतं हॉटेल. तिथे भोंग्याचा ग्रामोफोन होता आणि सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, वास रस्त्यापर्यंत यायचा. हॉटेलला लागून एक सलून. मालकानं कुठूनशी गोल फिरणारी खुर्ची आणली होती, आणि कापसाचे दलाल, गुलाबी फेटे मांडीवर ठेवून, आपली पाळी येईपर्यंत त्या खुर्चीकडे पोरांसारखे पाहत बसायचे.

त्या दिवशी मी खुर्चीत बसलो. न्हाव्यानं साबण लावला, मान मागे केली, आणि आरशापुढच्या फळीवर मला अंजनावहिनी दिसली.

एक नाही. एका ओळीत सहा. सहा बाटल्यांवर सहा अंजना. गुडघा तोच, कोपर तेच, हातातली वेणी तीच. पण चेहरा केशरी दुधासारखा गोरा. नाक ओढून धारदार केलेलं. नजर तिरपी वळवलेली, लाजल्यासारखी. आणि जाकीट गायब. जाकिटाच्या जागी जरीची तोकडी चोळी आणि उघडा, गुबगुबीत दंड.

"नवीन तेल हाये," न्हावी म्हणाला. "अमरावतीचं. लावू का?"

गळ्यावर वस्तरा होता म्हणून मी हललो नाही. 'नको' एवढंच म्हणालो.

गाडीत बसून ठरवलं, उतरल्याबरोबर तिला सांगायचं. उतरलो आणि सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं. समोरच्या हॉटेलात जाणं बंद केलं, म्हणजे तिच्या समोर यायला नको. असे आठ दिवस मी काढले. कशाची वाट पाहत होतो ते मला तेव्हाही कळलं नाही, आणि आता कळून घ्यायची इच्छा नाही.

नवव्या दिवशी दुपारी जिना वाजला. ती वर आली, पदराखालून बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"हे कोन व्हय?"

मी बाटलीकडे पाहत राहिलो.

"बसनं माह्यं. टोपली माही. हातातली येनी माही. अन् हे नाक कोनाचं व्हय?" तिचा आवाज चढला नव्हता, तो खाली खाली जात होता. "माह्या आंगातून जाकीट काहून काढलं? सकाळपासून तीन मानसं येऊन गेले. बागराणी, बागराणी करून राहिले. एकानं तं दंडाले हात लावला. मन्ते, फोटोत उघडा दाखवतं, आता काहून झाकतं?"

"वयनी, तेल खपाव म्हनून केलं असन त्याईनं. लोकं गोरं मांगतात."

"मी काळी आहो हे साऱ्या अमरावतीले मालूम हाये. मले लाज नाई त्याची. मंग याईले काहून आली?" ती थांबली. "त्याच्याजवळ फोटो गेला कसा?"

खोटं बोलता आलं असतं. निदान तेवढं तरी बोललो नाही.

"मीच देल्ला."

 वरच्या काचांतून पडणाऱ्या उजेडात तिच्या खांद्यावरचं शेवंतीची एक पिवळी पाकळी मला दिसत होती.

"मले देल्ला नाई अजून," ती म्हणाली. "अन् त्याले देल्ला."

मग बाटली उचलून म्हणाली, "चाल. तू काढला, तूच सांग त्याईले. हे अंजना हाये म्हनून सांग. बस तेवढंच सांग."

मी तिच्यामागून जिना उतरलो. वाटेत तिनं आपल्या जागेवरची पाण्याची बादली उचलली. तेलाच्या दुकानाच्या पायऱ्यांवर बाटल्या मांडलेल्या होत्या, जत्रेतल्या बाहुल्यांसारख्या, ओळीवर ओळ. ती पायरीवर बसली. एक बाटली उचलली, बादलीत बुडवली, आणि लेबल भिजून फुगलं तसं अंगठ्यानं पुसून काढलं. ती बाजूला ठेवली, दुसरी घेतली. कसलीही घाई नव्हती. बादलीतल्या पाण्यावर गुलाबी रंगाचा तवंग यायला लागला.

शेठ धावत बाहेर आला. "अवं बाई! हे काय करून राहिली?"

"माह्यं तोंड पुसून राहिली."

"तुह्यं तोंड?"

एव्हाना माणसं जमली होती. हॉटेलातले कप हातात घेऊन आले होते. करीमचाचा गळ्यात टेप टाकून उभे होते. शेठनं गर्दीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम बदलला. तो हसला. शिवी दिली असती तर मी त्याला विसरलो असतो. ते हसणं मी विसरलो नाही.

"आरसा पाह्यला काय कधी, बाई? हे पाह्य." त्यानं एक बाटली उचलून तिच्या गालाजवळ धरली आणि लोकांना दाखवली. "हे गोरीपान, अन् हे तू! तुमीच सांगा भाऊ, जमते काय कुठी?"

लोक हसले. ज्यांना ती रोज फुलं द्यायची ते हसले. देवाच्या पूजेची फुलं तिच्याकडून उधारीवर नेणारा पुजारी हसला. आधी तिला गोरी करायचं आणि मग गोरी आहे म्हणून ती तू नव्हेस असं तिलाच सांगायचं! 

ती हसली नाही, रडली नाही. वळली आणि मला म्हणाली, "भाऊ, सांग."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. शेठही पाहत होता. मी का बोललो नाही याची कारणं मी मनाशी शंभरदा मांडली आहेत. ती इथे मांडणार नाही, कारण कारणं सांगितली की माणूस सुटतो. माझ्या तोंडून जे शब्द आले ते एवढेच:

"तसं… जराक दिसते. पन पक्कं सांगता येत नाई."

"बरं," ती म्हणाली.

बादली तिथेच सोडून ती उठली आणि माझ्या आधी माडी चढली. मी पोचलो तेव्हा खोलीच्या मध्यभागी हात पुढे करून उभी होती. "काच दे."

मी पेटीतून तिची काच काढली आणि दिली. तिनं ती उजेडासमोर धरली. काचेवर सगळं उलटं उमटतं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. तिचा चेहरा त्या काचेत चुन्यासारखा पांढरा होता.

"इथंबी गोरीच," ती म्हणाली.

"नाई वयनी, ते उलटं असते, कागदावर उतरलं की मंग…"

तिनं माझं ऐकून घेतलं नाही. का घ्यावं? हात उघडला. काच फरशीवर पडली आणि तिचे तुकडे टेबलाखाली, पडद्याखाली, अंधाऱ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले. ती जिना उतरून गेली.

कागदावरचा एकच फोटो होता, तो शेठनं मुंबईला धाडला होता. तो परत आला नाही.

पुढचं लवकर संपतं. बाटल्यांवर नवी लेबलं लागली. बाजारात येताजाता लोक 'बागराणी' म्हणून हाका मारायचे. ती त्यांच्या अंगावर पाणी फेकायची, त्याचीही मजा घेतली जायची. सासूनं घरात सांगितलं, बाटलीवरची सून बाजारात बसायला नको. किसन चांगला माणूस होता, पण चांगला म्हणजे गप्प बसणारा. संक्रांतीच्या आधी एका सकाळी भिंतीखालची जागा रिकामी दिसली. दुपारपर्यंत तिथे एक जण पेरू घेऊन बसला. ते लोक बाग सोडून धामणगावला किसनच्या मामाकडे गेले, असं करीमचाचांनी सांगितलं. जाण्याआधी ती त्यांच्याकडे जाकिटाचा उसवलेला खिसा शिवून घ्यायला आली होती. "मैंने पूछा, अब क्या करेगी इसका? बोली, शेतातबी खिसे लागतात चाचा." एवढं सांगून चाचा सुईत दोरा ओवायला लागले, आणि तो बराच वेळ ओवला गेला नाही.

त्यानंतर मी रविवारचं हिंडणं सोडलं. तिपाई माडीवरच राहिली. लग्नं, बारशी, मेलेल्या माणसाचा खुर्चीत बसवून काढलेला शेवटचा फोटो. पेन्सिल चालूच होती. शेठच्या मुलीचं लग्नही मीच काढलं. नवरीला मी इतकी गोरी केली की तिच्या आईला ओळखू आली नाही, आणि ती खूश झाली.

तेव्हा मला 'काय ते दिवस' म्हणू नका. वडे चांगले होते, खोटं कशाला बोलू? ग्रामोफोनवरचा आवाज गोड होता. मोगऱ्याचा वास तर असा होता की आजही बाजारात कुठे पाणी शिंपलेलं फूल नाकाशी आलं की मी मागे वळून पाहतो. पण त्या गोड वासात उभं राहून हसणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचीच नातवंडं आज तिला हार घालतात आणि नाचणारी म्हणतात. रागवायचं नाही तर काय करायचं?

दुसरी मोठी लढाई संपली, पण साखर-रॉकेलचं रेशन चालू होतं, त्या दिवसांतली गोष्ट. धामणगावला एका आडत्याच्या घरी लग्न होतं, फोटोसाठी मला बोलावलं होतं. सकाळच्या गाडीनं उतरलो. स्टेशनाबाहेर कापसाच्या बंड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, धान्याच्या पोत्यांतून उडणारी कोंड्याची धूळ. बाजाराचा दिवस होता. रांगेच्या शेवटी, लिंबाच्या झाडाखाली, फुलांची टोपली घेऊन ती बसलेली दिसली. केस बरेच पांढरे झाले होते. हात पूर्वीच्याच वेगानं वेणी गुंफत होते.

मी समोर जाऊन उभा राहिलो. पेटी खाली ठेवली.

"अंजनावयनी."

तिनं वर पाहिलं. ओळखायला तिला वेळ लागला नाही. "फोटोवाला," ती म्हणाली. भाऊ म्हणाली नाही.

"त्या दिवशी मी खोटं बोललो, वयनी. सगळ्याईसमोर खोटं बोललो. मले माफ कर."

"याच्यासाठी आला काय येवढ्या दूर?"

"लग्नाचे फोटो काढाले आलो. तू दिसली."

तिनं दोरा दातानं तोडला. "मी माफ केलं मनलं तं तू जाऊन लग्नाचं जेवन सुखानं जेवशीन. अन् मले काय भेटन? माही परकोटाखालची जागा भेटन काय?"

मी मान हलवली.

"मंग राहू दे."

"मी आता सांगतो लोकाईले. जो भेटन त्याले सांगतो."

"तवा सांगाचं होतं," ती म्हणाली. रागानं नव्हे. भाव सांगावा तसं म्हणाली. "हे अंजना हाये. तीनच तं शब्द होते."

मी उभाच राहिलो. काहीतरी अजून म्हणेल, नवऱ्याचं, पोरांचं, काही विचारेल, असं वाटत असावं. तिनं बादलीत हात बुडवला, फुलांवर पाणी शिंपलं, आणि माझ्या खांद्याच्या मागे पाहिलं.

"फुलं घ्याची असतीन तं घे," ती म्हणाली. "नाई तं सर बाजूले. गिऱ्हाईक उभं हाये तुह्या मांगं."

मागे खरंच एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती. मी पेटी उचलली आणि बाजूला सरलो.